पान्याआधी कान

‘फटफटी’ हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. मोटारसायकलला मराठी माणसानं दिलेलं हे नाव तिच्या चाकांवरून किंवा टाकीवरून आलं नव्हतं, ते आलं तिच्या आवाजावरून. ते योग्यच होतं, कारण गाडीची तब्येत त्या काळी आवाजावरूनच कळायची. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की घरातली माणसं सांगायची, ‘आपलीच आहे, आणि आज काही ठीक नाही.’ तो आवाज बरा-वाईट ठरवणारा एक लहानसा भाग इंजिनाला चिकटलेला असे, अगदी मुठीत मावेल एवढा. पुस्तकात त्याला कार्ब्युरेटर म्हणतात, गॅरेजमध्ये कार्बोरेटर. तो आपल्याकडे कसा आला, बिघडल्यावर त्याला ऐकायला आपण कसं शिकलो आणि त्याच्याबरोबर काय जाऊ पाहतंय, एवढंच आज सांगायचं आहे.

माझी तीसेक वर्षं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना इंजिन शिकवण्यात गेली. आता मी उलव्यात राहतो. पनवेल तालुक्यातला हा खाडीकाठचा भाग. भातशेती, मिठागरं आणि मासेमारी हे इथलं जुनं जगणं. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या सुमारे ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यांत मूळ उलवे गावही होतं. नव्वदेक मीटर उंचीची उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला. खारकोपरपर्यंत लोकल आली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. अटल सेतू खुला झाला जानेवारी २०२४ मध्ये. आणि डिसेंबर २०२५ पासून विमानं उतरू लागली. लोकल येईपर्यंत इथल्या माणसाला खरा आधार होता तो दुचाकीचा. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत उभी राहणारी दुचाकी म्हणजे कार्बोरेटरचं दुखणं ठरलेलंच.

आज पाऊस ओसरल्यावर सेक्टरांच्या रस्त्यांनी चालत गेलात, तर एक कर्कश आवाज कानावर येतो. कंत्राटी कामगार खांद्याला पट्टा अडकवून गवत कापायचं यंत्र चालवत असतात. वरून जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात किती इंधन सोडायचं हे संगणक ठरवतो. खाली त्या खांद्यावरच्या यंत्रात मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीचंच तत्त्व काम करत असतं. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांतून हद्दपार झालेला कार्बोरेटर इथे अजून रोजीरोटी मिळवून देतो. म्हणूनच त्याचा इतिहास हा निव्वळ जुन्या वस्तूंच्या कपाटातला इतिहास नाही.

पेट्रोल तसं पातळ द्रवरूपात पेटवून उपयोग नसतो. त्याचे बारीक तुषार हवेत मिसळले, तर ते इंजिनात नीट जळतं. हे मिश्रण मापातच लागतं. वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण ती खाते मुख्यतः हवाच. पेट्रोल हे त्यातलं मीठ. आणि मीठ किती, यावरच सगळी चव.

सुरुवातीच्या गाड्यांत हे मिश्रण करायची पद्धत ओबडधोबड होती. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा ओढली जाई आणि जेवढी वाफ मिळेल तेवढ्यावर काम चाले. १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्टझहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा हा पहिला लांबचा मोटारप्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा बर्थाबाईंनी टोपीला लावायची लांब पिन काढून ती मोकळी केली. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून इंधनाचा मार्ग मोकळा करण्याची परंपरा अशी एका बाईच्या हातानं सुरू झाली, हे आमच्या वर्गात मी आवर्जून सांगत असे.

खरी युक्ती सापडली १८९३ मध्ये, आणि ती दोन ठिकाणी. बुडापेस्टमध्ये डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं, इंधनाचा फवारा उडवणारा कार्बोरेटर तयार केला. फुलांवर पाणी फवारणारी मुलगी पाहून बांकी-चोंकांना ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, उदाहरण चपखल आहे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना ढेकूण मारायचा फ्लिटचा पंप आठवत असेल. दट्ट्या दाबला की हवा जोरात नळीच्या तोंडावरून जायची आणि खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर चढून त्याचे तुषार उडायचे. हवा अरुंद जागेतून वेगानं गेली की तिथला दाब कमी होतो. बर्नुलीनं याची मांडणी १७३८ मध्ये केली होती आणि इटलीच्या व्हेंचुरीनं १७९७ मध्ये अरुंद नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या दोघांच्या डोक्यात मोटारगाडी असण्याचा प्रश्नच नव्हता. शंभर वर्षांनी त्यांचं गणित फटफटीच्या पोटात जाऊन बसलं.

कार्बोरेटरची रचना समजून घेतली की दुरुस्ती अर्धी झाली. तळाशी एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल ठरावीक पातळीला राहतं, कारण त्यावर एक तरंगता फ्लोट असतो. पातळी वाढली की तो वर उचलला जातो आणि सुईच्या टोकानं येणारं पेट्रोल बंद करतो. घराच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो, तसाच हा प्रकार. वाटीतून पेट्रोल वर जातं ते पितळेच्या बारीक भोकांच्या जेटमधून. गाडी जागेवर धडधडत उभी असताना लहान जेट पेट्रोल पुरवतो, वेगात असताना मोठा. थंड इंजिनाला हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा तो चोक. एवढाच संसार. ना वीज, ना संगणक. सारं काही दाब, वजन आणि भोकाचा व्यास यांच्यावर.

मुंबईच्या रस्त्यावर मोटारी दिसू लागल्या त्या १८९८ च्या सुमारास. पण मराठी मध्यमवर्गाच्या घरात कार्बोरेटर शिरला तो स्वातंत्र्यानंतर, स्कूटरच्या पोटातून. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं पन्नासच्या दशकात लॅम्ब्रेटा आणली. बजाज मंडळींच्या कंपनीनं १९४८ पासून व्हेस्पा आयात केली, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला आणि पुण्याजवळच्या आकुर्डीत स्कूटर बनू लागली. इटलीच्या पिआजिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या वंशाशी नव्हे, पण महाराणा प्रतापांच्या घोड्याशी नातं सांगणारी चेतक आली. त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. चेतकच्या कार्बोरेटरवर ‘स्पाको’ हे नाव असे, मूळ आराखडा इटलीतल्या डेलॉर्टोचा.

त्या काळात स्कूटरचं बुकिंग केलं की गाडी हाती यायला वर्षानुवर्षं लागत. परवान्यांचा आणि परकीय चलनाच्या चणचणीचा तो जमाना. इतकी वाट पाहून आलेली गाडी बिघडली म्हणून कुणी टाकून देत नसे. सुट्या भागांचाही तुटवडाच. त्यामुळे दुरुस्ती ही आपल्याकडे हौस नव्हती, गरज होती. फ्लोटला भोक पडलं तर डाग देऊन बुजवायचं, पॅकिंग फाटलं तर जाड कागद कापून नवं करायचं. १९५० मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला आणि या कामाला शाळा मिळाली. पण त्याहून मोठी शाळा होती ती फुटपाथवर. वडाच्या झाडाखाली पत्र्याची पेटी, रॉकेलचा डबा, दोन पाने आणि एक पकड. शाळेत न रमलेल्या कितीतरी पोरांनी तिथे बसून पोट भरण्याइतकी विद्या मिळवली.

गिऱ्हाइकालाही त्यातली थोडी विद्या येत असेच. सकाळी किक मारण्याआधी स्कूटर तिरकी करणारे वडील ज्यांनी पाहिले नाहीत, असे माझ्या पिढीतले लोक थोडे. काही जण त्याला अंधश्रद्धा म्हणत. पण स्कूटर कलली की वाटीतली पातळी आणि फ्लोटची जागा बदलते, थोडं जास्त पेट्रोल आत उतरतं. म्हणजे तो एक घरगुती चोकच. गाडी लावताना पेट्रोलचा कॉक बंद करणं, टाकी संपत आली की चालत्या गाडीवर हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवणं, हे सगळं लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. यंत्राशी संबंध रोजचा होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इंजिन सुरू होत नाही म्हटलं की नवशिक्याचा हात आधी पान्याकडे जातो. मी मुलांना सांगायचो, पान्याआधी कान आणि कानानंतर पेन्सिल. आधी ऐका, मग तक्रार लिहा, मग खोला. थंड असताना सुरू होत नाही, की गरम झाल्यावर? रिकामं असताना बंद पडतं, की ओझं पडल्यावर? चोक ओढला तरच चालतं का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक दुखणी सापडतात.

क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवायचा. टाकीत पेट्रोल आहे का आणि ते किती दिवसांचं आहे? टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक मोकळं आहे का? ते बुजलं असेल तर इंजिन दहा मिनिटं छान चालतं आणि मग गुदमरतं. झाकण सैल केल्यावर पुन्हा चाललं तर निदान झालं, खर्च शून्य. मग हवेची जाळी, मग प्लग. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढुरकं असेल तर कमी. ठिणगी पडते का, दाब आहे का, हे पाहून झाल्यावरच कार्बोरेटरला हात लावायचा. त्यातही आधी वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचं. पेट्रोल आलंच नाही तर दोष वरच्या नळीत किंवा सुईत. आलं आणि तळाशी पाण्याचे मणी किंवा गाळ दिसला, तर कारण बाटलीतच उभं आहे.

चोक ओढला तरच चालणारं इंजिन सांगत असतं की मला पेट्रोल कमी पडतंय. लहान जेट तुंबलेला असतो, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगमधून चोरून हवा शिरत असते. जनरेटरचं इंजिन रिकामं चालताना झोके घेतं, आवाज वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. वेग सांभाळणारा गव्हर्नर आणि अर्धा तुंबलेला लहान जेट यांची ती ओढाताण असते. उलट कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल, गॅरेजच्या भाषेत ‘ओव्हर’ होत असेल, तर सुईच्या टोकावर झिजेची चरी पडलेली असते, तिच्याखाली कचरा अडकलेला असतो किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेलं असतं. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला भोक आहे. इथेही कानच.

खोलायचं तर ताटात क्रमानं भाग मांडावेत. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत फिरवून किती फेऱ्या बसल्या ते लिहून ठेवावं, म्हणजे जोडताना मूळ जागा सापडते. तो जोरानं आवळला तर टोक चेपतं आणि कार्बोरेटर कायमचा रुसतो. रबराचे भाग आणि पडदे तीव्र रसायनात बुडवू नयेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जेटमध्ये तार घालू नये. डेलॉर्टोच्या पद्धतीत शंभर क्रमांकाचा जेट म्हणजे बरोबर एक मिलिमीटरचं भोक. लहान जेट तर त्याच्या निम्म्यानं असतो. पोलादी तारेनं त्याचा व्यास पाच टक्के वाढला, तर क्षेत्रफळ दहा टक्के वाढतं आणि तेवढं पेट्रोल कायम जास्त जातं. बर्थाबाईंची पिन नळीला चालली, जेटला चालणार नाही. आमच्या खाडीकाठी याला एक सोपा उपाय आहे: मासे धरायची तंगूस. नायलॉनची ही बारीक दोरी पितळेपेक्षा मऊ असते. कचरा निघतो, भोक शाबूत राहतं. वर हवेचा झोत मारला की झालं. नवं पॅकिंग, नवी सुई, फ्लोटची पातळी तपासून जोडणी, मग इंजिन गरम करून मिश्रणाच्या स्क्रूनं आवाज सर्वांत मोकळा होईल तिथे थांबायचं आणि शेवटी वेग खाली आणायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशानं आला हे कधीच कळत नाही.

खांद्यावरच्या यंत्रात थोडा फरक असतो. ते आडवं-तिडवं होतं, त्यामुळे वाटी आणि फ्लोट तिथे चालत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूडतोडीच्या हलक्या साखळी-करवती आल्या, तेव्हा वाटीऐवजी लवचिक पडद्याचा कार्बोरेटर पुढे आला. इंजिनाच्याच दाबाच्या ठोक्यांवर तो पडदा पंपासारखा हलतो आणि पेट्रोल ओढतो. हा पडदा कडक झाला की यंत्र संपलं, असं लोकांना वाटतं. खरं तर पडदा तेवढा बदलायचा असतो.

कार्बोरेटरनं आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे इंधनातली लबाडी ओळखणं. रेशनचं रॉकेल पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं, त्यामुळे भेसळीचा मोठा धंदा उभा राहिला. मेकॅनिकला ती सर्वांआधी कळायची. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, धूर वाढतो, प्लग पुन्हापुन्हा काळा पडतो. पण हे नुसतं प्लगचं प्रकरण नव्हतं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी इथे इंधनाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी भर दिवसा जाळून मारलं. काळ्या प्लगच्या मागे केवढी काळी साखळी असू शकते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पंपावर गाळण-कागद मागून त्यावर पेट्रोलचा थेंब टाकण्याचा हक्क ग्राहकाला आहे. शुद्ध पेट्रोल उडून जातं, डाग ठेवत नाही.

जुन्या यंत्राचं कौतुक करताना त्याचे दोष झाकून चालणार नाही. कार्बोरेटरला हवा थंड आहे की गरम, इंजिन झिजलंय की नवं, हे कळत नाही. तो ठरलेल्या भोकातून ठरलेलंच देतो. त्यात दोन-स्ट्रोक इंजिनातून बरंचसं न जळलेलं मिश्रण थेट बाहेर जाई. मुंबईच्या हवेबाबत नागरिक न्यायालयात गेले आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं वाहनांच्या प्रदूषणाचा विचार करायला समिती नेमली. पुढे टॅक्सी-रिक्षा सीएनजीकडे वळल्या. शिसेविरहित पेट्रोल महानगरांत १९९५ मध्ये आलं आणि २००० मध्ये देशभर शिसं बंद झालं. भारत स्टेज चारचे नियम २०१७ मध्ये, तर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा. तिथे नव्या दुचाकीतला कार्बोरेटर संपला. त्याची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरनं आणि त्याला हुकूम देणाऱ्या संगणकानं घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली. हवेच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. आमच्या श्वासापेक्षा आमचा जिव्हाळा मोठा नाही.

मग प्रश्न उरतो कुठे? तो उरतो गवत कापायच्या यंत्रांत, फवारणी पंपांत, लहान जनरेटरांत, आणि २०२० पूर्वीच्या असंख्य दुचाकींत. कारण त्यांचं इंधन बदललं आहे. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ मध्ये सुरुवात झाली. देशात दहा टक्क्यांचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के. आयात तेल कमी व्हावं, उसाला आणि धान्याला गिऱ्हाईक मिळावं, हा त्यामागचा हेतू. आपल्या साखर कारखान्यांना त्याचा आधारही झाला. पण एक भाग इथेनॉलला जळायला सुमारे नऊ भागच हवा लागते. संगणक असलेली गाडी धुरातला प्राणवायू मोजून स्वतःला सावरते. कार्बोरेटरला ते जमत नाही. जुन्याच जेटनं त्याचं मिश्रण थोडं उपाशी राहतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. जुन्या प्रकारच्या रबराचे पडदे आणि नळ्या त्यात फुगतात किंवा कडक होतात, आणि पाणी धरलेल्या वाटीत पांढरी पूड साठते.

उलव्यासारख्या दमट जागी आणि साऱ्या कोकणात याचा फटका जास्त. आंबा-काजूच्या बागांत पावसाच्या अखेरीस गवत कापलं जातं आणि यंत्र पुढच्या वर्षापर्यंत खोपटात पडतं. टाकीतलं पेट्रोल तसंच राहतं, त्याचा डिंक होतो आणि पुढच्या हंगामात दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. मग नवा कार्बोरेटर, नाहीतर नवं यंत्रच. ज्याचं पोट त्या यंत्रावर आहे, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. उपाय फुकटचा आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि आत उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पाच मिनिटांचं काम. ते सांगणारा माणूस मात्र गल्लीतून नाहीसा होत चालला आहे.

मला खरी काळजी आहे ती याची. कार्बोरेटर जाईल, जायलाच हवा. पण त्याच्यामुळे सामान्य घरातल्या मुलांच्या अंगी जी निदानाची शिस्त मुरली, तिचं काय? नव्या गाडीत दिवा लागतो, स्कॅनर लावला की क्रमांक दिसतो. क्रमांक म्हणजे तक्रार, कारण नव्हे. ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असं यंत्रानं सांगितलं, तरी फाटलेल्या पॅकिंगमधून हवा शिरतेय की पेट्रोलचा पंप थकलाय, हे माणसालाच शोधावं लागतं. स्वस्ताकडून महागाकडे, एका वेळी एक बदल. हा क्रम ज्यानं तारुण्यात एका मळक्या कार्बोरेटरवर गिरवला, त्याला स्कॅनर हे साधन आहे. ज्यानं गिरवला नाही, त्याला तो मालक आहे आणि मालक म्हणेल तो भाग बदलत राहणं एवढंच त्याच्या हाती उरतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबद्दल समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं आणि वाहनंही त्यात धरली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण माहितीपुस्तिका मिळणं आणि सुटा भाग मिळणं हा हक्काचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे ते उघडायची माणसाची तयारी. ज्या गावांनी जमीन दिली, त्यांच्या मुलांना नव्या शहरात काम हवं आहे. या सेक्टरांतून रोज फिरणारी शेकडो लहान इंजिनं हे काम त्यांच्या दारात आणून ठेवतात. त्यासाठी मोठं भांडवल लागत नाही. एक पेटी, चार पाने, थोडी तंगूस आणि ऐकायची सवय एवढं पुरतं.

तुमच्या घरी, बागेत किंवा सोसायटीच्या खोलीत असं एखादं बंद पडलेलं यंत्र असेल, तर ते भंगारात देण्याआधी घरातल्या मुलाला किंवा मुलीला त्याच्यासमोर बसवा. ताट द्या, पेन्सिल द्या. खोलण्याआधी काय काय ऐकू आलं ते लिहायला सांगा. यंत्र चालू होईल की नाही, सांगता येत नाही. पण पुढे आयुष्यात काही अडलं, तर नशिबाला बोल लावण्याआधी कारण शोधायची सवय त्या मुलाला लागलेली असेल.